गिब रिव्हर रोड : मित्रांच्या गटाने सायकलवरून पूर्ण करण्यासाठी

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यातील किंबर्ली प्रदेशात, पश्चिमेच्या डर्बी गावापासून पूर्वेला कुनुनुरा आणि विंडम यांना जोडणाऱ्या महामार्गापर्यंत, सुमारे ६६० किलोमीटर लांबीचा गिब रिव्हर रोड जातो. अंतर्भागातील अवाढव्य पशुपालन केंद्रांवरची गुरे डर्बी आणि विंडमच्या बंदरांपर्यंत ट्रकने नेता यावीत, यासाठी १९६० च्या दशकात तो बांधण्यात आला. आजही त्याचा मोठा भाग कच्चा आहे. दोन्ही टोकांना काही अंतर डांबर मिळते, परंतु मधल्या पट्ट्यात लाल धूळ, मोकाट गुरे, पुलाविना ओलांडायच्या नद्या आणि दोन मुक्कामांमधील शंभर किलोमीटरपर्यंतची निर्मनुष्य अंतरे आहेत. मेलबर्न किंवा पर्थमध्ये स्थायिक झालेले आणि महाराष्ट्रातून खास या प्रवासासाठी जाणारे, अशा दोन्ही प्रकारच्या मित्रमंडळींना उपयोग व्हावा म्हणून हे मार्गदर्शन लिहिले आहे.

हा रस्ता पुरा करण्यासाठी असामान्य ताकद लागत नाही. आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर सायकल चालवणाऱ्या कोणालाही तो झेपतो. गट फुटतो तो चौथ्या-पाचव्या दिवशी, जेव्हा पुढचे दोघे तासभर आधी पोहोचून कंटाळलेले असतात, मागचे दोघे उन्हात एकटे पडलेले असतात आणि आता काय करायचे हे कोणीच आधी ठरवलेले नसते. म्हणून सायकल, टायर आणि पाणी यांच्याआधी गटाने आपापसात करायच्या कराराविषयी बोलणे मला आवश्यक वाटते.

निघण्यापूर्वी एकत्र बसून ठरवायचे

पहिला प्रश्न असा की, 'पूर्ण करणे' म्हणजे नेमके काय? प्रत्येकाने प्रत्येक किलोमीटर चालवायचा, की गटातील कोणीतरी एक जण सतत सायकलवर असला म्हणजे पुरे? दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. आळीपाळीने चालवण्याच्या पद्धतीत कमी सराव असलेल्या मित्रालाही मनापासून सहभागी होता येते आणि सामान-पाणी घेऊन सोबत येणारी गाडी चालवण्याचे काम आपोआप वाटले जाते. सर्वांनी संपूर्ण अंतर चालवायचे असेल, तर गाडीसाठी सायकल न चालवणारे दोन वेगळे साथीदार हवेत. दिवसभर धुळीत सायकल हाणलेल्या माणसाने संध्याकाळी नदीच्या पात्रातून गाडी काढणे धोक्याचे असते. काहीही निवडा, पण ते सर्वांच्या तोंडून स्पष्टपणे वदवून घ्या. एकाच्या मनात एक व्याख्या आणि दुसऱ्याच्या मनात दुसरी असेल, तर एखाद्या मित्राने वीस किलोमीटर गाडीत बसून काढले, यावरून असा वाद होतो की तो परत आल्यावरही मिटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसाचे अंतर गटातील सर्वांत संथ सायकलस्वाराच्या हिशेबाने आखावे. त्याचा कच्च्या रस्त्यावरचा सरासरी वेग ताशी १२ किलोमीटर असेल, तर सात तासांत ८४ किलोमीटर होतील आणि गटाची मर्यादा तीच. वेगवान मंडळींना हे जड वाटते, हे खरे आहे. त्यांना मुक्कामापासून दरीपर्यंत जाऊन यायला किंवा फाट्यावरून आत भटकायला मोकळीक द्यावी, परंतु मुक्काम मात्र ओढून लांब नेऊ नये.

तिसरी बाब वेळेच्या मर्यादेची. पश्चिम ऑस्ट्रेलियाची प्रमाणवेळ पर्थच्या सोयीची आहे आणि कुनुनुरा त्या मानाने बरेच पूर्वेला आहे. त्यामुळे जून-जुलैमध्ये तिथे सकाळी सहाच्या आसपास उजाडते आणि संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर लगेच सूर्य मावळतो. अंधार पडताच कांगारू आणि गुरे रस्त्यावर येतात, म्हणून अंधारात सायकल चालवायची नाही, हा नियम निरपवाद असावा. दुपारी तीन वाजता जो जिथे असेल तिथून साडेचारपर्यंत मुक्कामी पोहोचणे शक्य दिसत नसेल, तर त्याने सायकल गाडीवर चढवावी. हा निर्णय त्या थकलेल्या मित्रावर सोपवू नये, कारण तो नेहमी 'अजून थोडे जातो' असेच म्हणतो. घड्याळाने निर्णय घेतला म्हणजे कोणालाही कमीपणा वाटत नाही.

याखेरीज कामे नावानिशी वाटून द्यावीत. पाण्याचा हिशेब एकाकडे, स्वयंपाक दोघांकडे, सायकलींची दुरुस्ती एकाकडे, औषधे एकाकडे, संपर्काची साधने एकाकडे आणि सामायिक पैसे एकाकडे असावेत. 'सगळे मिळून बघू' असे म्हटलेले काम आउटबॅकमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या निर्मनुष्य अंतर्भागात, कोणीच बघत नाही. सहा ते आठ जणांचा गट मला सर्वांत योग्य वाटतो. चौघांवर गाडीचा खर्च फार पडतो आणि दहाच्या पुढे गेल्यावर प्रत्येक थांबा अर्ध्या तासाचा होतो.

काळ आणि दिशा

नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला पावसाळा असून त्या काळात रस्ता बहुधा बंद असतो. मे महिन्यात तो उघडू लागतो, परंतु काही ठिकाणी पाणी अजून खोल असते. सप्टेंबरपासून दुपारचे तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ लागते. मधला जून ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतचा काळ उत्तम; दिवसा साधारण ३० अंश आणि रात्री १५ अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली. रस्ता कुठे उघडा आहे आणि कुठे बंद, याची माहिती राज्याचे रस्ते खाते आणि डर्बीची स्थानिक संस्था नियमितपणे प्रसिद्ध करतात. निघायच्या आदल्या दिवशी ती पाहणे सक्तीचे समजावे, कारण बंद रस्त्यावर गेल्यास मोठा दंड होतो.

बहुतेक वाहने डर्बीहून पूर्वेकडे जातात आणि सायकलस्वारही अनेकदा तेच करतात. माझे मत याच्या उलट आहे. कोरड्या ऋतूत इथे आग्नेयेकडून वारा वाहतो आणि तो सकाळी विशेष जोर धरतो. कुनुनुराहून पश्चिमेकडे निघाल्यास तो बराच काळ पाठीशी राहतो. शिवाय शेवटचा दिवस डर्बीच्या बाजूच्या डांबरी, सपाट रस्त्याचा येतो, जो दमलेल्या गटासाठी मोठाच दिलासा असतो.

सरावातली एक अडचण

मेलबर्न-सिडनीकडे जून-जुलैत थंडी असते. सकाळी पाच-सात अंशांत सराव केलेला माणूस विमानाने काही तासांत तीस अंशांत उतरतो आणि पहिल्याच दिवशी त्याचे डोके दुखू लागते. उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी निघण्यापूर्वीच्या पंधरवड्यात घरात बसवलेल्या सायकलवर जाड कपडे घालून, पंखा न लावता, दररोज तासभर घाम गाळावा आणि पहिले दोन दिवस मुद्दाम छोटे ठेवावेत.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना हा प्रश्न भेडसावत नाही. त्यांचा मुख्य सराव मार्च ते मे या महिन्यांत, आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यातच होतो. त्यांची उणीव वेगळी असते : घाटाचा सराव भरपूर, परंतु कच्च्या रस्त्यावर सलग सहा तास बसण्याची सवय नाही. पावसाळ्याआधी माळरानावरचे खडीचे रस्ते, कालव्यांच्या कडेच्या वाटा, गावांना जोडणारे कच्चे रस्ते यांवर लागोपाठ तीन दिवस, रोज ७० किलोमीटर, अशा किमान दोन फेऱ्या संपूर्ण गटाने एकत्र काढाव्यात. एका दिवसात दोनशे किलोमीटर काढता येणे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या बैठकीवर पुन्हा सीटवर बसता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. इथे दुसरीच कामाची. गटातील कोण थकल्यावर गप्प होतो, कोण चिडतो आणि कोणाला वेळेवर खायची आठवण करून द्यावी लागते, हेही या फेऱ्यांतच कळते.

सायकल आणि विशेषतः टायर

या रस्त्यावर वाहनांच्या चाकांनी पत्र्याच्या छपरासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात. मैलोन्‌मैल त्यांच्यावरून जाताना मनगटे बधिर होतात, बाटल्या पिंजऱ्यातून उडतात आणि घट्ट पिळलेले स्क्रूही सैल होतात. त्यामुळे रस्त्यावरची बारीक टायरची सायकल इथे निरुपयोगी ठरते. पुढे शॉक असलेली साधी, भक्कम माउंटन बाइक सर्वोत्तम. टायर किमान २.२ इंच रुंद, ट्यूबलेस आणि आत सीलंट (छोटी भोके आपोआप बुजवणारा द्रव) भरलेले असावेत. हवा कमी ठेवण्याचे धैर्य करावे. साधारण ७० ते ७५ किलो वजनाच्या आणि सामान गाडीत असलेल्या सायकलस्वाराला २२ ते २६ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) पुरते. डांबरावर ही हवा फार कमी वाटेल, परंतु वळ्यांवर आणि सैल वाळूत तीच तारते.

वळ्यांवरून जाताना मध्यापेक्षा कडेची पट्टी अनेकदा सपाट मिळते. तिथे वाळू जास्त असते, म्हणून वजन थोडे मागे घेऊन, हँडल सैल धरून, पेडल न थांबवता जावे. पिठासारख्या बारीक धुळीने भरलेले खड्डे वरून सपाट दिसतात आणि चाक अचानक आत जाते. पुढच्या सायकलस्वाराने असा खड्डा पाहिला की हात वर करून मागच्यांना इशारा द्यावा.

सुट्या भागांत प्रत्येक सायकलमागे दोन ट्यूब, टायरची कड कापली तर आतून लावायचा तुकडा, चेनच्या जोडकड्या, ब्रेक पॅड आणि त्या त्या सायकलचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग चौकटीला जोडणारा तुकडा) हवाच. हा बोटभर ॲल्युमिनियमचा तुकडा प्रत्येक कंपनीच्या सायकलला वेगळा लागतो, तो किंबर्लीत मिळण्याची आशा ठेवू नये आणि तो तुटला तर सायकल गाडीवर चढवण्यावाचून पर्याय राहत नाही. गटासाठी एक जादा टायर, काही आरे, सीलंटच्या बाटल्या आणि पायाने मारायचा मोठा पंप गाडीत असावा. रोज संध्याकाळी, अंघोळीच्या आधी, प्रत्येकाने आपली सायकल उलटी करून कोरड्या ब्रशने चेन झाडावी, मेणाचे किंवा कोरडे वंगण लावावे आणि षटकोनी पान्याने हँडल, सीट, बाटलीचे पिंजरे आणि ब्रेकचे स्क्रू एकेक करून तपासावेत. यात दहा मिनिटे जातात. ओले तेल लावल्यास त्यावर बसलेली धूळ दुपारपर्यंत चेनला कानशीसारखी झिजवू लागते.

भारतातून सायकल नेणाऱ्यांनी तिचे टायर, चेन, पेडल आणि बुटांचे तळ मातीचा कणही राहणार नाही इतके धुऊन न्यावेत. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळांवर जैवसुरक्षा अधिकारी हे बारकाईने पाहतात.

गाडी, पाणी आणि जेवण

भाड्याची गाडी घेताना कच्च्या रस्त्याची, आणि नावानिशी गिब रिव्हर रोडची, परवानगी करारात आहे का, हे वाचून घ्यावे. साध्या मोटारीच्या करारात ती नसते आणि विमाही लागू होत नाही. दोन सुटी चाके, हवेचा कंप्रेसर आणि ओढायचा पट्टा हवा. इंधन वाटेत माउंट बार्नेट रोडहाउस (रस्त्याकाठचे पेट्रोलपंप-दुकान) आणि इमिंटजीसारख्या मोजक्या ठिकाणीच मिळते.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला १० लिटर धरावा. त्यात पिणे, स्वयंपाक आणि तोंड-हात धुणे आले. आठ जणांना दिवसाला ८० लिटर, म्हणजे तीन दिवसांचा साठा २४० लिटर आणि तितकेच किलो वजन. ते एकाच टाकीत न भरता २० लिटरच्या कॅनमध्ये विभागावे, कारण धक्क्यांनी एखादा कॅन फुटला तरी बाकीचे राहतात. प्रत्येक सायकलस्वाराच्या स्वतःजवळ सकाळी निघताना किमान चार लिटर हवे, गाडी मागे असली तरीही. नुसते पाणी पीत राहणे मात्र घातक ठरू शकते. घामातून गेलेले मीठ भरून निघाले नाही, तर रक्तातील सोडियम उतरते आणि माणूस मळमळून, गोंधळून जातो. ओआरएसची पाकिटे, खारे शेंगदाणे आणि लोणचे यांचे इथे खरे मोल कळते.

जेवणाच्या बाबतीत आपण मराठी मंडळी सुदैवी आहोत. कुकरमधली मुगाची खिचडी, मेतकूट-भात, पोहे, उपमा हे सगळे कोरड्या सामानातून, थोड्या पाण्यात आणि एका शेगडीवर होते. चालू सायकलवर दर पाऊण तासाला काहीतरी खावे. गूळ-दाण्याची चिक्की उन्हात वितळत नाही, चॉकलेट वितळते. मात्र हे सामान भारतातून नेण्याऐवजी पर्थ, मेलबर्न किंवा डार्विनमधील भारतीय किराणा दुकानांतून घेणे शहाणपणाचे. देशात येताना सर्व खाद्यपदार्थ जाहीर करणे बंधनकारक आहे आणि दुधाचे पदार्थ, बिया, ताजी फळे-भाज्या अडवल्या जातात. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या सीमेवर पुन्हा स्वतंत्र तपासणी होते. तिथे इतर राज्यांतून आणलेली फळे, भाज्या आणि मध काढून घेतले जातात. कांदे-बटाटे म्हणूनच कुनुनुराला पोहोचल्यावर घ्यावेत.

टप्पे

विश्रांतीचा एक दिवस धरून अकरा दिवस ठेवले, तर गट माणसांत राहतो. पहिल्या दिवशी कुनुनुराहून महामार्गाने आणि मग गिब रिव्हर रोडच्या डांबरी तुकड्यावरून एमा गॉर्ज या दरीपर्यंत ७५ ते ८० किलोमीटर होतात. दुसऱ्या दिवशी कॉकबर्न पर्वतरांगेच्या लालसर कड्यांखालून होम व्हॅलीपर्यंत जेमतेम ४० किलोमीटर आहेत, परंतु वाटेत पेंटेकोस्ट नदी आहे.

या नदीविषयी कोणतीही तडजोड नको. तिच्यात खाऱ्या पाण्यातील मगरी राहतात, ज्या माणसावर हल्ला करतात. इतर नद्या ओलांडताना खोली पाहण्यासाठी चालक आधी पायी जाऊन येतो. इथे तसे करायचे नाही. काठापासून दूर थांबावे, दुसरी एखादी गाडी जाताना पाणी तिच्या चाकाच्या कोणत्या उंचीपर्यंत येते ते पाहावे आणि मग सर्व सायकली व सर्व माणसे गाडीतून पलीकडे न्यावीत. बाटली भरायला किंवा छायाचित्र काढायलाही पाण्याजवळ जाऊ नये. एवढे अंतर सायकलवर झाले नाही म्हणून प्रवास अपूर्ण राहिला, असे कोणी म्हणणार असेल, तर ते घरीच बोलून घ्यावे.

होम व्हॅलीपासून एलेनब्रे स्टेशन या पशुपालन केंद्रापर्यंतचे शंभराहून अधिक किलोमीटर दोन दिवसांत करावेत, कारण वळ्यांचा खरा त्रास इथून सुरू होतो. मधला मुक्काम जिथे परवानगी आहे अशाच जागी आणि पाण्यापासून पुरेसा लांब असावा. एलेनब्रेला मिळणारे ताजे स्कोन (छोटे भाजलेले गोडसर पाव) या रस्त्यावर प्रसिद्ध आहेत आणि मुख्य रस्त्यावरून आत जाण्याचे कष्ट ते फेडतात. पुढे कालुंबुरू फाट्यावरून माउंट बार्नेटपर्यंत साधारण १८० किलोमीटर आहेत. काही गट ते दोन दिवसांत उरकतात. मी तीन दिवस द्यावेत असे सुचवीन. प्रवासाचा हा मध्य असतो, नवलाई संपलेली असते, शेवट अजून दिसत नसतो आणि सर्वाधिक पडझड इथेच होते.

माउंट बार्नेटला पूर्ण दिवस थांबावे. जवळच्या मॅनिंग गॉर्जमध्ये पोहता येते, कपडे धुता येतात, सायकली नीट उघडून साफ करता येतात. त्यानंतर गॅल्वन्स गॉर्ज पाहत इमिंटजीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर आणि मग वुनामिन मिलिवुंडी पर्वतरांग ओलांडून विंजाना गॉर्जच्या फाट्याच्या परिसरापर्यंत शंभरेक किलोमीटर. या रांगेला पूर्वी बेल्जियमच्या राजा लिओपोल्डचे नाव होते. २०२० मध्ये ते बदलून तिथल्या आदिवासींच्या भाषांतील नाव देण्यात आले. शेवटच्या दिवशी डर्बीपर्यंत १२० किलोमीटर डांबर.

विंजाना आणि टनेल क्रीक मुख्य रस्त्यापासून आत आहेत, तिथे गाडीने जाऊन यावे. हा बुनुबा लोकांचा प्रदेश आहे. त्यांच्या भूमीवर पशुपालकांनी केलेल्या अतिक्रमणाविरुद्ध लढलेला जांदामारा १८९७ मध्ये टनेल क्रीकपाशीच मारला गेला. गुरांच्या वाहतुकीसाठी बांधलेल्या रस्त्यावरून जाताना ही दुसरी बाजू ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते. संपूर्ण मार्गच नारिनियन, बुनुबा आणि इतर लोकांच्या भूमीतून जातो. वांजिना चित्रे, म्हणजे आदिवासींची पवित्र शैलचित्रे, जिथे पाहण्याची परवानगी आहे तिथेच पाहावीत, त्यांना हात लावू नये आणि विचारल्याशिवाय छायाचित्रे घेऊ नयेत. इमिंटजीसारखी दुकाने स्थानिक आदिवासी समाजाची आहेत. खरेदी तिथे करावी.

रस्त्यावरचा दिवस

पहाटे पाचला उठावे, उजाडताच निघावे आणि अकरापर्यंत दोन-तृतीयांश अंतर संपवावे. सावलीत दीड-दोन तास थांबून उरलेले अंतर सावकाश काढावे. धुळीमुळे एकमेकांच्या मागे चिकटून जाता येत नाही, म्हणून जोड्या कराव्यात. जोडीदार नजरेआड होता कामा नये, हा नियम. आणि दर तासाला सर्वांनी एकत्र यायचे. एकच गाडी असेल, तर ती नेहमी शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे असावी. पुढे जाऊन तंबू ठोकण्याचा मोह होतो, परंतु पुढच्या माणसांकडे ताकद असते. पाणी आणि मदत मागच्यालाच लागते. दोन गाड्या असल्यास एक खुशाल पुढे जावी.

मोठ्या मालवाहू रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक) इथे ५० मीटरहून लांब असतात. त्या लवकर थांबू शकत नाहीत आणि त्यांच्यामागे धुळीचा लोट काही मिनिटे टिकतो, ज्यात दुसऱ्या वाहनाला तुम्ही दिसत नाही. लांबून धूळ दिसली की गटाने रस्ता पूर्ण सोडून, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उतरावे, सायकली हातात धरून उभे राहावे, नाकावर रुमाल घ्यावा आणि धूळ बसेपर्यंत परत रस्त्यावर येऊ नये. गाडीत यूएचएफ रेडिओ (वाहनांमध्ये आपसात बोलण्याचा वायरलेस संच) चाळीसाव्या चॅनेलवर ठेवून चालकाने 'पुढे सायकलस्वार आहेत' असे सांगत राहावे. ट्रकचालक ही सूचना मनावर घेतात.

संध्याकाळी जेवणाआधी दहा मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने, आपल्या शरीराची आणि सायकलची स्थिती सांगावी. लघवी गडद होते आहे का, बैठकीला जखम आहे का, हातांना मुंग्या येतात का, हे मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. बैठकीची साधी लाली पहिल्या दिवशी सांगितली, तर मलम आणि स्वच्छ कोरड्या चड्डीने बरी होते. लाजून लपवली, तर तीन दिवसांनी माणूस सीटवर बसू शकत नाही. मनातली कुरबूरही याच वेळी सांगावी. उद्याचे अंतर, पाणी आणि चालकाची पाळी ठरवूनच बैठक संपवावी.

संपर्क आणि आजारपण

मोबाइलला बहुतांश मार्गावर रेंज नसते. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट संदेशयंत्र, आणि त्याशिवाय ४०६ मेगाहर्ट्‌झचा आपत्कालीन बीकन (उपग्रहाद्वारे बचाव यंत्रणेला ठिकाण कळवणारे यंत्र) बरोबर हवाच. बीकनची नोंदणी ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे विनाशुल्क होते. देशाचा आपत्कालीन क्रमांक ०००. दूरच्या भागांतील रुग्णांना जॉन फ्लिन यांनी १९२८ मध्ये सुरू केलेल्या फ्लाइंग डॉक्टर सेवेची विमाने उचलतात, परंतु ती यायला वेळ लागतो, म्हणून प्रथमोपचार गटातील निदान दोघांना नीट येत असावेत. उन्हाने माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत झोपवावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने मदत मागवावी. साप चावल्यास जखम धुऊ नये. संपूर्ण हात किंवा पाय रुंद लवचीक पट्टीने घट्ट गुंडाळावा, फळी बांधून स्थिर करावा आणि माणसाला अजिबात चालू देऊ नये. माश्यांसाठी डोक्यावर घ्यायची जाळी प्रत्येकाजवळ असावी; ती नसेल, तर थांब्यावर शांतपणे घासही घेता येत नाही.

शेवटचे अंतर

शेवटच्या दिवशीचा डांबरी रस्ता पाहून वेग वाढवण्याची ओढ सर्वांना होते आणि अकरा दिवस एकत्र राहिलेला गट शेवटच्या १२० किलोमीटरमध्ये विखुरतो. डांबराचा काही भाग एकाच वाहनाच्या रुंदीचा आहे, समोरून येणारी वाहने वेगात असतात आणि थकवा डोळ्यांत उतरलेला असतो. सकाळीच टायरमध्ये हवा वाढवून घ्यावी, जोड्यांचा नियम कायम ठेवावा आणि गावाच्या थोडे अलीकडे एक जागा ठरवून, शेवटचा साथीदार येईपर्यंत सर्वांनी तिथे थांबावे. तिथून पुढे त्याने सर्वांत पुढे चालावे.

डर्बीत किमान एक रात्र राहण्याची सोय आधीच करून ठेवावी. परतीचे विमान बहुधा ब्रूमहून, म्हणजे २२० किलोमीटर अंतरावरून, असते. ते दुसऱ्या दिवशीचे घेऊ नये. गाडीची साफसफाई, भाडेकंपनीला परत देण्यापूर्वीची तपासणी, सायकली धुऊन खोक्यांत भरणे आणि सामायिक खर्चाचा हिशेब मिटवणे यांत एक संपूर्ण दिवस जातो. खोकी वेळेवर मिळतील असे गृहीत न धरता ती ब्रूमच्या सायकल दुकानातून आठवडाभर आधी राखून ठेवण्याची विनंती करावी.